दुपारची मिश्री

रंगुबाईनं तापल्या तव्यावर तंबाखूचं पान टाकलं आणि घर रिकामं व्हायला लागलं.

आधी तिचा मुलगा हर्षल उठला. एका हातानं नाक दाबत, दुसऱ्या हातानं मोबाईल उचलत तो उंबरा ओलांडून गेला. मग सून मोनिकाला ठसका लागला. तोंडाला ओढणी लावून, धुण्याची बादली उचलून ती मागच्या दारानं सटकली. नवरा छगन शेवटी उठला. त्यानं खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि पेरूच्या बागेकडं चालू लागला.

रंगुबाई पान उलटंपालटं करत राहिली. कडा काळ्या पडल्या, वळल्या, धूर पत्र्याला जाऊन भिडला. तिचे डोळे या धुराला कधीच सरावले होते. पान कुरकुरीत झालं तसं तिनं ते उतरवलं, तळहातावर चुरलं, भिंतीला टेकून बसली आणि चिमूटभर काळी पूड बोटानं दातांवर फिरवत डोळे मिटले.

"आई, झालं का?" बाहेरून हर्षलनं विचारलं.

"न्हाई अजून," ती म्हणाली.

झालं होतं.

गावात बिडीला व्यसन म्हणतात आणि मिश्रीला दात घासणं म्हणतात. बाप्यानं केलं तर नाद, बाईनं केलं तर स्वच्छता. ज्यानं कुणी ही वाटणी केली, त्यानं आपल्या बायकोच्या तोंडाकडं उजेडात कधी बघितलं नसणार. लग्नाच्या पहिल्याच वर्षी रंगुबाईची दाढ दुखली, तेव्हा सासूनं तिच्या बोटावर ही पूड ठेवली होती. दाढ पुढं पडली. पूड राहिली.

बिडी छगनची. मागल्या साली त्याचं मन बसलं. बसलं म्हणजे बसलंच, मुसळधार पावसात मातीची भिंत बसते तसं. भावकीनं कारणं शोधली. कुणाचं देणं होतं का? नव्हतं. पेरू चांगला गेला होता, पोराचं लग्न झालं होतं, सून गुणाची मिळाली होती. तरी हा माणूस दिवस दिवस विहिरीच्या काठावर बसून राही, आणि एक बिडी विझायच्या आत दुसरी पेटवी. जवळ कुणी गेलं की म्हणे, मला एकटं सोडा. पुणतांब्यातली शहाणी माणसं म्हणत, "पिऊ द्या त्याला बिडी. तेवढाच जिवाला आधार." आधार! बुडत्या माणसाच्या हातात धोंडा द्यायचा आणि सांगायचं, घट्ट धर. चुलत दिराचं म्हणणं, बाहेरचं हाय, देवऋष्याकडं न्या. रंगुबाईनं दिराला दारातच उभं करून सांगितलं, "तुमच्या देवऋष्याला आधी त्याची सोताची पोरं सुधराया सांगा," आणि नवऱ्याच्या मनगटाला धरून त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सुनीती मॅडमनी वेळ दिला. या मॅडम मनाच्या दुखण्यावर बोलायच्या, ऐकायच्या. त्यांनी छगनला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "काका, बिडीनं जीव शांत होतो असं वाटतं ना? मागच्या बिडीनं लावलेली घालमेल पुढची बिडी घटकाभर गप्प करते. तेवढंच तिचं काम." छगन म्हणाला होता, "म्हंजे आग बी तीच लावती, आन बंब बी तिचाच."

बिडी एका दिवसात सुटली नाही, पण सुटली. छगन झोपू लागला, दोन भाकरी खाऊ लागला. एके दिवशी पेरूवरच्या पोपटांना त्यानं त्यांच्या सात पिढ्यांवरून शिव्या दिल्या, तेव्हा रंगुबाईनं ओळखलं, माणूस परत आला.

त्या महिन्यात दवाखान्यात फेरी झाली तेव्हा मॅडमनी सहज विचारलं, "मावशी, घरात आणखी कुणी तंबाखू घेतं का?"

"न्हाई वं मॅडम. पोरगं सुपारीला शिवत न्हाई. सून तर बेलापूरची, चांगल्या घरची."

"आणि तुम्ही?"

"मी?" रंगुबाई तोंड भरून हसली. "मी कशाला खाईन तसलं?"

मॅडम तिच्या दातांकडं बघत होत्या. "दात कशानं घासता?"

"मिश्रीनं."

"मिश्री कशाची असते?"

"तंबाखूची."

छगन खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"तुमाला दात काढाया काय झालं?" रंगुबाई त्याच्यावर खेकसली.

"दिवसातून किती वेळा लावता?" मॅडमनी विचारलं.

"उठल्यावर. मंग च्या झाल्यावर. दुपारी. दिवे लागल्यावर एकदा. आन आडवं पडताना."

"दात फारच स्वच्छ ठेवता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "सगळी एकदम भाजून ठेवता का? बाकीच्या बायका महिन्याची डबी भरून ठेवतात."

"शिळी मला चालत न्हाई. मी रोज दुपारी ताजी भाजते."

छगनचं हसणं थांबलं होतं. टोपी मांडीवर ठेवून तो तिची घडी घालत होता. "मॅडम, खरं बोलू का?" तो म्हणाला. "ही भाजाया बसली का वास सुटतो. मी बागेत जातो म्हणून निघतो, पर बागेत पाय ठरत न्हाई. इहिरीवर जातो. परवा शेजारच्या कल्याणकडनं बिडी मागून घेतली. वढली न्हाई. नुसती धरली बोटात."

रंगुबाईचा हात पदराशी थांबला. "मंग मला का न्हाई सांगितलं?"

"दात तुझे हायेत. मी काय बोलू?"

रंगुबाईनं घरी आल्यावर कोनाड्यातला तंबाखूचा पुडा काढला, शेणखताच्या खड्ड्यात टाकला आणि वरून पाटीभर शेण ओतलं. ज्या बाईनं सगळी भावकी अंगावर घेऊन नवऱ्याला विहिरीवरून उठवून आणलं, तिला पुड्याचं काय एवढं!

पुडा भावकीपेक्षा चिवट निघाला. पहिले आठ-दहा दिवस रंगुबाईचं डोकं ठणकत राहिलं, पोट साफ होईना, हातांना करायला काही सापडेना. बोट आपोआप दातांकडं जाई आणि ती ते हिसका देऊन खाली आणी, दुसऱ्याचं असल्यासारखं. गाईनं वासराला चाटलं म्हणून ती रडली. हर्षल शिंकला म्हणून भांडली.

"मोनिका, भाजीत मीठ टाकलंस का दुश्मनी काढलीस?"

"आत्या, आज भाजी तुम्हीच केलीये."

"मंग चव बघाया काय झालं हुतं?"

मोनिका मान खाली घालून जेवत राहिली. छगननं पाण्याचा तांब्या मधे सरकवला आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "मी बी असाच चावत हुतो का गं सगळ्यांना?"

"तुमी चावत नव्हता. तुमी मुकं झाल्ता. त्यापरीस हे बरं."

मॅडम फोनवर सांगत, तलफ येईल, घटकाभर राहील, जाईल. बडीशेप चघळा, पाणी प्या. रंगुबाईनं बडीशेप चघळली, इतकी की तिच्या घामालाही लग्नाच्या पंगतीचा वास यायला लागला. आणि खरंच, तलफ मागं सरकत गेली. सकाळची आठवण गेली. चहानंतरची गेली. रात्रीची कधी गेली ते तिला कळलंही नाही. छगन आता विहिरीवर जायचा तो मोटर चालू करायला.

दुपारची मात्र जाईना. जेवणं उरकली, हर्षल कॉटवर आडवा होऊन मोबाईलवर कुणाचे तरी दात विचकणारे व्हिडिओ बघायला लागला, छगननं टीव्ही लावला, मोनिकाचा मिक्सर घरघरला, की रंगुबाईच्या छातीत कोंडायला लागे. ती आत जाई, बाहेर येई, पुन्हा आत जाई. दोन खोल्यांच्या त्या घरात खुंट्याला बांधल्यासारखी फिरत राही.

"घे बाई चिमूटभर," छगन एकदा काकुळतीला येऊन म्हणाला. "मी जातो लांब, वढ्याच्या पलीकडं. मला वास येनार न्हाई."

"गप बसा. माझ्या दातांचा आन तुमचा काय संबंध?"

मोनिकाच्या चुलतभावाचं लग्न निघालं बेलापूरला. सगळे टेम्पोनं गेले. गाय व्यायला झाली होती म्हणून रंगुबाई मागं राहिली. दुपार व्हायला लागली तशी ती तयारीला लागली, पाहुणा नकोसा असला तरी त्याची व्यवस्था करावी तशी. बडीशेपेची वाटी जवळ घेतली, तांब्या भरून ठेवला आणि घराच्या मधोमध जमिनीवर बसली. आता येईल, आता कोंडेल.

आलं नाही.

तिनं पाय पसरले. पत्र्यावर चिमणी चालली की तिची नखं वाजत होती. इतक्या वर्षांत तो आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला. पदर खांद्यावरून घसरला तो तिनं उचलला नाही. कुणासाठी उचलायचा? केस सोडले. एकदा उगाच मोठ्यानं "हं" म्हणून बघितलं. घर काही बोललं नाही. कुणाला पाणी नको होतं, कुणाचा टॉवेल हरवला नव्हता, कुणी "काय करतीयास?" विचारत नव्हतं. कोऱ्या चुन्याच्या भिंतीकडं बघत ती ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत बसून राहिली. गोठ्यात गाय निवांत रवंथ करत होती. तिलाही घाई नव्हती.

तलफ आली ती संध्याकाळी, टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा.

त्या रात्री भाकरी थापता थापता रंगुबाईचे हात मधेच थांबले. महिन्याची मिश्री एकदम भाजता आली असती. सगळ्या बाया भाजतात. तिनं रोज भाजली. ताजीबिजी सब झूट. बाप्या माणसाला बिडी प्यायला सगळं गाव मोकळं आहे: पार आहे, बांध आहे, टपरी आहे, काही नाही तर विहिरीचा काठ आहे. बाई नुसती उंबऱ्याबाहेर बसली तरी येणारा-जाणारा विचारतो, "काय गं, काय झालं?" काही झालं नाही, मी बसलेय, हे उत्तर कुणाच्या कानात शिरत नाही. म्हणून मग धूर करावा लागतो. तंबाखूनं तिची दाढ खाल्ली, हिरड्या खाल्ल्या, काळीज धडधडायला लावलं, आणि त्याच्या बदल्यात रोज घटकाभर हे घर तिच्या एकटीच्या नावावर करून दिलं. भाडं जबर होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं तवा तापवला आणि त्यावर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या.

घर रिकामं झालं. पण पहिल्या झपाट्यात रंगुबाई स्वतःच बाहेर पडली. चौघंही अंगणात उभे राहून खोकत होते, नाकं गळत होती, मोनिकाला तर उलटी यायची बाकी होती.

"आई, काय पेटवलंस?" हर्षल ओरडला.

"तंबाखू बरी म्हनायची," छगन डोळे पुसत म्हणाला. मग त्यानं बायकोकडं नीट बघितलं. "आज कशाला मिरच्या? तिखट तर भरलेलं हाय डब्यात."

रंगुबाईनं पदरानं नाक पुसलं. खोटं बोलायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं. "तुमाला बाहेर काढाया."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? मला घर पाहिजे. घटकाभर. रिकामं."

"आमी काय करतो तुला?"

"काय करत न्हाई. असता."

मोनिकानं ओढणीत तोंड लपवलं. हर्षलचा चेहरा मात्र उतरला होता. त्यानं बापाला बाजूला ओढलं, पण त्याला हळू बोलता येत नाही. "अण्णा, हे बरोबर न्हाई. तुमी बी असंच म्हनायचा, मला एकटं सोडा, एकटं सोडा. आमी सोडलं, तर काय झालं बघितलं ना? आता आईचं सुरू झालं. मी मॅडमला फोन लावतो."

हे रंगुबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. असेल का तसं? तिनं तो आजार इतक्या जवळून बघितला होता की त्याचं तोंड तिला अंधारात ओळखता आलं असतं. पण आपलं आपल्याला कुठं दिसतं? तिनं छगनकडं बघितलं. घरात या बाबतीत जाणकार असा तो एकटाच होता.

छगन उकिडवा बसला. जमिनीवरचा एक खडा उचलला, टाकला. "लावू नको फोन," तो म्हणाला.

"का पर?"

"मी इहिरीवर बसायचो तवा मला कुनीच नको हुतं. मी सोता बी नको हुतो." त्यानं टोपी काढून झटकली, धूळ नव्हती तरी. "हिचं तसं न्हाई. हिला ती सोता पाहिजे हाय."

त्या घरात विहिरीबद्दल इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. बोलणाऱ्याचेच कान लाल झाले होते. तो उठला आणि दारातून आत वाकून बघितलं. "धूर बसला. जा. आमी हाय हिकडं."

त्या दिवसापासून जेवणं झाली की छगन टोपी उचलायचा आणि म्हणायचा, "चला रे." अंगणातल्या शेवग्याखाली तिघं जाऊन बसायचे. रंगुबाई दार लोटून घ्यायची. छातीत कोंडायचं थांबलं. ती कधी झोपायची, कधी नुसती पडून राहायची, एकदा तर भिंतीवरच्या आरशात आपले काळे दात बराच वेळ बघत बसली आणि स्वतःलाच हसली. शेजारच्या कल्याणला मात्र चैन पडेना.

"का रं छगन, धूर न्हाई, काय न्हाई, आन सगळे बाहेर?"

"बायको घरात बसली हाय."

"काय करतीया?"

"बसली हाय."

"आरं पर करतीया काय?"

"तुला बिडी वढायची तर वढ जा तिकडं लांब," छगन म्हणाला, "मला वास नको."

असेच काही दिवस गेले. एका दुपारी रंगुबाई खिडकीपाशी पडली होती. बाहेर शेवग्याखाली तिघं बसले होते. म्हणजे दोघं बसले होते. मोनिका भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"मोनिका, पानी," हर्षल म्हणाला. ती उठली, माठातून पाणी आणलं, बसली.

"पोरी, माजा चष्मा ऱ्हायला का बघ ओट्यावर," छगन म्हणाला. ती उठली, चष्मा आणला, बसली.

"मोनिका, आपला चार्जर कुठंय गं?"

ती उठली.

रंगुबाईला न्हाणीघराचं दार आठवलं. रोज सकाळी मोनिका आत गेली की बाहेर यायचं नाव नाही. नळ वाहत असे, पण अंगावर पाणी घेतल्याचा आवाज नसे. रंगुबाई त्या दारावर थापा मारायची, "गोदावरी आटवतीस का काय?" आणि सगळं घर हसायचं. तिनं स्वतः सगळ्यांना हसवलं होतं.

ती उठली. अजून तिची दुपार सरली नव्हती. केस बांधले, पदर घेतला, दार उघडून बाहेर आली.

"मोनिका, आत जा."

"काय आणू, आत्या?"

"काय आनायचं न्हाई. आत जा आन कडी लाव."

मोनिकाचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"जा म्हन्ते ना. मी हाय हितं."

मोनिकानं नवऱ्याकडं बघितलं, मग सासऱ्याकडं. सासरा शेवग्याच्या शेंगा मोजल्यासारखं वर बघत होता. ती उठली आणि पाहुण्यांच्या घरात शिरावं तशी हळू आत गेली.

"ती काय करनार आत एकटी?" हर्षलनं विचारलं.

"तुला काय करायचंय?" रंगुबाईनं शेंगांचं सूप उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "फोड."

कडी लागल्याचा आवाज आला. रंगुबाई शेवग्याच्या बुंध्याला टेकली, पाय लांब केले. बागेत पोपटांची टोळी उतरली होती, पण छगन आज त्यांना काही बोलला नाही. हर्षल एक एक शेंग अशी फोडत होता, जणू ती उडून जाणार आहे. वारा बरा होता.

थोड्या वेळानं आतून कढई घासल्याचा आवाज यायला लागला.

रंगुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, दाराशी गेली आणि त्यावर एक थाप मारली.

"ए पोरी! भांडी ठेव खाली."

आतला आवाज थांबला. नळ बंद झाला. मग दारामागून अगदी बारीक आवाजात मोनिकानं विचारलं, "मग काय करू, आत्या?"

रंगुबाई दाराशी जराशी उभी राहिली. मग परत येऊन शेवग्याखाली बसली.